एटीसीशी बोलायचं कसं: शिकाऊ वैमानिकासाठी रेडिओची बाराखडी

हेडसेटमध्ये खरखर होते, एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा, कंट्रोलर एका दमात पाच गोष्टी सांगून मोकळा होतो, आणि उजव्या सीटवरचे इन्स्ट्रक्टर तुमच्या तोंडाकडे बघत असतात. पहिल्या दहा-पंधरा तासांत शिकाऊ वैमानिकाची सगळ्यात जास्त गाळण उडते ती इथे. गंमत म्हणजे रेडिओवर बोलायचं असतं फार थोडं. तेही ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमाने. अवघड असतं ते ऐकणं. कारण माणूस कानावर पडलेलं ऐकण्याऐवजी मनात अपेक्षित असलेलं ऐकतो, आणि रेडिओची जवळजवळ सगळी शिस्त या एका खोडीवर तोडगा म्हणून तयार झालेली आहे.

परवान्याची बाजू थोडक्यात. रेडिओ वापरण्यासाठी आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलता येतं याचं प्रमाणपत्र, आणि त्यावर एफआरटीओएल, म्हणजे विमानातून रेडिओ वापरण्याचं लायसन्स, लागतं. आरटीआरची परीक्षा पूर्वी दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घ्यायची. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि हे काम डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, आलं. इंग्रजीची पातळी वेगळी मोजली जाते: किमान चौथी हवी, ती दर तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते. पाचवीला सहा वर्षं मिळतात, सहावीला पुनर्परीक्षा नाही.

बटण दाबण्याआधी

विमानांचा व्हीएचएफ पट्टा ११८ मेगाहर्ट्झपासून १३७ च्या जरा अलीकडपर्यंत आहे. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर बाकीच्यांच्या कानात फक्त किंचाळल्यासारखी शिट्टी जाते, आणि त्या दोघांना मात्र आपलं बोलणं पोचलं असंच वाटत राहतं. म्हणून फ्रिक्वेन्सी बदलली की लगेच बोलू नका. चार-पाच सेकंद ऐका. कंट्रोलरने एखाद्याला काही सांगितलं असेल तर त्या विमानाचा रीडबॅक, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवणं, संपू द्या. त्या दोघांच्या मध्ये घुसणं ही नवशिक्यांची सर्रास चूक आहे.

माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. दोन बोटं लांब असेल तर इंजिनाचा आवाजच जास्त जातो. बटण दाबा, अर्धा-एक सेकंद थांबा, मग तोंड उघडा. नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं आणि 'नागपूर'चं 'गपूर' होतं. वाक्य संपल्यावरच बटण सोडा. वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आत ठेवा. कंट्रोलर भरभर बोलतो म्हणून आपणही भरभर बोललो की पोक्त वाटतं, हा समज काढून टाका. तुम्ही सावकाश बोललात तर बहुतेक कंट्रोलरही तुमच्याशी सावकाश बोलतात.

बटण सोडल्यावर रेडिओच्या पडद्यावरचं 'टीएक्स' (आवाज बाहेर जात असल्याची खूण) विझलं का, तेही बघायची सवय लावा. बटण अडकून राहिलं तर तुमच्या कॉकपिटमधल्या गप्पा सगळ्यांना ऐकू जातात आणि इतर कुणाचंही बोलणं चालत नाही. अचानक फ्रिक्वेन्सी फारच शांत वाटली तर आधी स्वतःचं बटण तपासा.

व्हीएचएफ सरळ रेषेत जातो. हजार फुटांवरून साधारण ४० नॉटिकल मैल आणि दहा हजार फुटांवरून सव्वाशेच्या आसपास पल्ला मिळतो. हँगरच्या मागे उभ्या विमानातून टॉवरला आवाज गेला नाही तर लगेच रेडिओला दोष देऊ नका.

अक्षरं आणि आकडे

अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, होटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लीमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पपा, केबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्सरे, यँकी, झुलू. ही माळ पाठ असून भागत नाही, कारण कॉकपिटमध्ये कुणी 'क' नंतर काय ते विचारत नाही. अक्षर दिसलं की शब्द आला पाहिजे. त्यासाठी रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्या वाचा. 'एमएच १२' दिसलं की माइक होटेल वन टू. पुण्याच्या एका सिग्नलवर उभं राहिलात तरी पन्नास पाट्यांचा सराव होतो.

आकड्यांचे उच्चार मुद्दाम वाकवलेले आहेत: थ्रीचं 'ट्री', फोरचं 'फोवर', फाइव्हचं 'फाइफ', नाइनचं 'नाइनर', थाउजंडचं 'टाउझंड'. खरखरीत फाइव्ह आणि नाइनमधला फक्त 'आय' उरतो, म्हणून त्यांची शेपटं बदलली. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' हा घोळ नको म्हणून आकडे एकेक सुटे म्हणतात: हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा, अंशांत) झिरो फाइफ झिरो. पूर्ण शेकडे आणि हजार मात्र शब्दांत, म्हणजे २,५०० फूट हे 'टू टाउझंड फाइफ हंड्रेड'. फ्रिक्वेन्सीत दशांश चिन्हाला 'डेसिमल' म्हणतात आणि सहाही अंक सांगतात. शेवटचे दोन शून्य असले तर पहिल्या चारांवर भागतं.

आपल्याकडच्या दोन सवयी इथे आड येतात. एक, फोन नंबर सांगताना लागलेली 'डबल टू, ट्रिपल फाइव्ह'ची. रेडिओवर डबल-ट्रिपल नाही. ४४२१ हे फोवर फोवर टू वन. दुसरी सवय जास्त सूक्ष्म: ऐकलेला आकडा मनात मराठीत फिरवण्याची. आपले आकडे एकक आधी आणि दशक नंतर सांगतात, शिवाय एकोणऐंशी म्हणजे सत्तरवर नऊ की ऐंशीवर नऊ, हे आठवायला आपल्यालाच क्षणभर लागतो. हेडिंग झिरो सेव्हन नाइनर आलं की अंकच लिहा, त्याला नाव देऊ नका.

मांडीवरच्या पॅडवर आधीच चार रकाने आखून ठेवा: रनवे, क्यूएनएच (अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या साधनावर, लावायचा हवेचा दाब), उंची, स्क्वॉक (ट्रान्सपॉन्डर या रडारला उत्तर देणाऱ्या यंत्रात भरायचा चार आकडी कोड). क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) आला की शब्द लिहीत बसायचं नाही, नुसते आकडे: '३२ / १०१२ / २००० / ४४२१'. एवढ्यावरून पूर्ण वाक्य परत म्हणता येतं.

पहिला कॉल

क्रम असा: कुणाला हाक मारतोय, मी कोण, कुठे आहे, काय हवंय. नागपूरला फ्लाइंग क्लबच्या एप्रनवर, म्हणजे विमानं लावायच्या जागेवर, उभी असलेली सेसना १७२ घेऊ आणि तिला व्हीटी-एबीसी हे कल्पित नाव देऊ.

'नागपूर टॉवर, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, सेसना वन सेव्हन टू, फ्लाइंग क्लब एप्रन, इन्फर्मेशन डेल्टा, टू पर्सन्स ऑन बोर्ड, रिक्वेस्ट स्टार्ट-अप फॉर लोकल फ्लाइट, व्हीएफआर.'

'इन्फर्मेशन डेल्टा' म्हणजे एटीआयएसवरची हवामानाची ध्वनिमुद्रित माहिती ऐकली आहे, आणि तीही डेल्टा अक्षराची, ताजी. ही दोन शब्दांची भर कंट्रोलरचं अर्धं मिनिट वाचवते. 'व्हीएफआर' म्हणजे ढगांबाहेर राहून, डोळ्यांनी बघत उडणं. एटीआयएस नसलेल्या विमानतळावर वारा, रनवे आणि क्यूएनएच टॉवरच देतो. टाकीत किती तासांचं इंधन आहे तेही आपल्याकडे हमखास विचारतात, आकडा तयार ठेवा. क्रॉस कंट्रीला, म्हणजे दूरच्या उड्डाणाला, निघणार असाल तर एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) क्रमांक पॅडवर लिहिलेले हवेत; ते फोनमध्ये शोधत बसलात की मागे चार विमानं खोळंबतात.

पूर्ण कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, पहिल्या कॉलला. ते तोडून 'व्हिक्टर ब्राव्हो चार्ली' करायचं की नाही हे कंट्रोलर ठरवतो. त्याने तसं म्हटल्यावरच आपण म्हणायचं. फ्रिक्वेन्सीवर आपल्यासारख्याच कॉलसाइनचं दुसरं विमान असेल तर तो तोडणारही नाही. एकाच क्लबच्या विमानांची शेवटची अक्षरं बऱ्याचदा जवळची असतात, तेव्हा दुसऱ्याचा क्लिअरन्स आपला समजण्याचा धोका खरा आहे. शंका आली तर गप्प राहू नका: 'कन्फर्म दॅट वॉज फॉर व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली?'

आणि 'सर'. भारतातल्या फ्रिक्वेन्सीवर दर वाक्याला सर किंवा मॅडम लागतं. एखादं 'गुड मॉर्निंग सर' कुणी मनावर घेत नाही, पण प्रत्येक वाक्यात ते आणि 'अ‍ॅक्च्युअली', 'ओके ओके', 'या या' यांनी कामाचे शब्द गाडले जातात. आदर दाखवायचाच असेल तर पहिल्या खेपेला बरोबर रीडबॅक द्या. पुणे आणि दाबोळीसारख्या ठिकाणी तर पलीकडे अनुक्रमे हवाई दल आणि नौदलाचे कंट्रोलर असतात. तिथेही शब्द हेच आहेत.

टॅक्सीपासून सर्किटपर्यंत

टॉवर: 'व्हिक्टर ब्राव्हो चार्ली, टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट रनवे थ्री टू, क्यूएनएच वन झिरो वन टू.'
तुम्ही: 'टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट रनवे थ्री टू, क्यूएनएच वन झिरो वन टू, व्हिक्टर ब्राव्हो चार्ली.'

होल्डिंग पॉइंट म्हणजे तिथपर्यंतच. पिवळ्या रेघांच्या पुढे चाक गेलं की ती रनवेत घुसखोरी. वाटेत दुसरी रनवे आडवी येत असेल तर ती ओलांडायची स्पष्ट परवानगी वेगळी लागते. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ या रनवे एकमेकींना छेदतात, तिथे याचं मोल लगेच कळतं.

रनवेशी पोचलात, तपासण्या झाल्या: 'व्हिक्टर ब्राव्हो चार्ली, रेडी फॉर डिपार्चर.' इथे 'टेक-ऑफ' म्हणायचं नाही. तो शब्द फक्त टेक-ऑफचा क्लिअरन्स देताना, तो परत म्हणताना किंवा रद्द करताना. हा नियम २७ मार्च १९७७ च्या टेनेरिफच्या अपघातानंतर पक्का झाला. दाट धुक्यात केएलएम या डच कंपनीच्या जम्बोने रनवेवर धाव घेतली तेव्हा तिच्याकडे टेक-ऑफचा क्लिअरन्स नव्हता. वैमानिकाचं 'वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ' हे वाक्य टॉवरने 'तयार उभे आहोत' असं घेतलं. टॉवरचं 'थांबा' आणि 'आम्ही अजून रनवेवरच आहोत' हे त्याच रनवेवर समोर असलेल्या दुसऱ्या जम्बोचं, म्हणजे पॅन अ‍ॅमचं बोलणं एकाच क्षणी निघालं, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्यांची शिट्टी झाली. ५८३ माणसं गेली.

'लाइन अप अँड वेट' आलं तर रनवेवर जाऊन उभं राहायचं, उडायचं नाही. अटीचा क्लिअरन्स आला, उदाहरणार्थ 'बिहाइंड द लँडिंग एटीआर, लाइन अप बिहाइंड' (उतरणारं एटीआर विमान पुढे गेलं की त्याच्या मागे रनवेवर या), तर परत म्हणताना अट सोडू नका, दोन्ही 'बिहाइंड'सकट म्हणा. आणि ते एटीआर डोळ्यांनी दिसलं नसेल तर तसं सांगा.

वर गेल्यावर नागपूरचं सर्किट, म्हणजे विमानतळाभोवतीचा ठरलेला फेरा, साधारण दोन हजार फुटांवर, कारण विमानतळच समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. डाउनविंडला (उतरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या बाजूला), रनवेच्या मधोमध समांतर आलात की: 'व्हिक्टर ब्राव्हो चार्ली, डाउनविंड रनवे थ्री टू, फुल स्टॉप' (उतरून थांबणार) किंवा 'टच अँड गो' (चाकं टेकवून पुन्हा उडणार). काय करणार ते इथेच सांगितलं की कंट्रोलरला मागच्या विमानाचं गणित मांडता येतं. फायनलला, म्हणजे रनवेच्या रेषेत उतरताना, लँडिंगचा क्लिअरन्स मिळाला नसेल तर विचारा; नाहीच मिळाला तर गो अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. आणि गो अराउंड करताना आधी पॉवर, मग नाक, मग फ्लॅप, सगळ्यात शेवटी रेडिओ. हात भरलेले असताना टॉवरला उत्तर द्यायची घाई करणारे शिकाऊ पुष्कळ. विमान उडवणं आधी, दिशा नंतर, बोलणं शेवटी.

रीडबॅक हा शिष्टाचार नव्हे

परत म्हणून दाखवायच्याच गोष्टी: मार्गाचा क्लिअरन्स, रनवेवर जाणं, उतरणं, उडणं, ओलांडणं, तिच्याअलीकडे थांबणं, तिच्यावरून उलटं जाणं यांबद्दलची प्रत्येक सूचना, वापरातली रनवे, क्यूएनएच, स्क्वॉक, उंची, हेडिंग, वेग, ट्रान्झिशन लेव्हल (जिच्याखाली उतरताना अल्टिमीटरवर क्यूएनएच लावतात ती पातळी). वारा आणि आसपासच्या विमानांची माहिती परत म्हणायची गरज नाही, तिथे 'रॉजर' चालतं. सगळंच पोपटासारखं परत म्हणणाराही फ्रिक्वेन्सी अडवतो.

क्यूएनएचचं उदाहरण जवळून बघा. टॉवर म्हणाला 'वन झिरो झिरो टू', तुम्ही लावला १०१२. दहा हेक्टोपास्कलचा फरक, प्रत्येकी साधारण २७ फूट, म्हणजे पावणेतीनशे फूट. तुमचा अल्टिमीटर दोन हजार दाखवतोय आणि विमान आहे सतराशेवर. चुकलेला एक अंक मोठ्याने म्हटलात तर कंट्रोलर 'निगेटिव्ह' म्हणून दुरुस्त करेल. नुसतं 'कॉपीड' म्हणालात तर चूक तुमच्या अल्टिमीटरवरच राहील. उलट बाजूही लक्षात ठेवा: कंट्रोलरही माणूस आहे, चुकीचा रीडबॅक त्याच्याही कानावरून निसटतो. तो गप्प राहिला म्हणजे आपलं बरोबर, असं धरू नका.

'टू' आणि 'फॉर' हे शब्द आकड्यांच्या शेजारी घातक. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरच्या मालवाहू ७४७ ला 'डिसेंड टू फोर झिरो झिरो' असं, म्हणजे २,४०० फुटांवर उतरायला सांगितलं. वैमानिकांनी पहिलं 'टू' हे शब्दयोगी समजून ४०० धरले आणि परत म्हणताना 'ओके, फोर झिरो झिरो' म्हटलं. ते कुणी पकडलं नाही. विमान डोंगरावर आदळलं, चौघेही गेले. प्रमाण शब्दरचनेत हा आकडा 'टू टाउझंड फोर हंड्रेड' असा यायला हवा होता.

हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांची हवेत झालेली टक्कर, १२ नोव्हेंबर १९९६, वेगळंच शिकवते. कझाक विमानाला फ्लाइट लेव्हल १५०, म्हणजे साधारण १५,००० फूट, दिली होती, समोरून येणारं सौदी विमान १४० वर होतं. कझाक विमानाने १५० गाठल्याचं रेडिओवर सांगितलं, आणि तरी ते खाली उतरत राहिलं. त्यात बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि उडवणारे वेगळे. ३४९ माणसं गेली. दोघं कॉकपिटमध्ये असाल तेव्हा रेडिओवरचा आकडा एकाने म्हणून पुरत नाही. उडवणाऱ्याने तो साधनावर लावून, बोट ठेवून, मोठ्याने म्हणायला हवा.

थोडे शब्द, नेमके अर्थ

'रॉजर' म्हणजे 'तुमचं सगळं ऐकलं', 'हो' नव्हे. 'विल्को' म्हणजे ऐकलं आणि तसं करतो. होकाराला 'अफर्म'; 'अफर्मेटिव्ह' नको, कारण खरखरीत त्याचा शेवट 'निगेटिव्ह'सारखा लागतो. 'स्टँडबाय' म्हणजे थांबा, परवानगी नाही आणि नकारही नाही. चुकलात तर 'करेक्शन' म्हणून योग्य आकडा सांगा, 'सॉरी सर, आय मीन' नको.

दोन शब्द नवशिक्यांच्या तोंडात लवकर बसत नाहीत आणि तेच सगळ्यात उपयोगी. एक 'से अगेन'. अर्धवट ऐकलं असेल तर 'से अगेन क्यूएनएच' एवढंच विचारा, सगळं परत मागायची गरज नाही. दुसरा 'अनेबल', म्हणजे जमणार नाही. ढगात वळायला सांगितलं आणि तुम्ही व्हीएफआर आहात? 'अनेबल, क्लाउड अहेड, रिक्वेस्ट हेडिंग टू सेव्हन झिरो.' मोठ्या माणसाला नाही म्हणायला आपली जीभ अडखळते, पण विमान तुमच्या हातात आहे आणि समोरचा ढग कंट्रोलरला दिसत नाही.

अगदीच गोंधळलात तर 'स्टुडंट पायलट, से अगेन स्लोली' म्हणा. यात कमीपणा नाही.

संकटात

जिवावरचं असेल तर 'मेडे' तीनदा. तातडीचं पण तेवढं नसेल तर 'पॅन-पॅन' तीनदा. त्यानंतर कुणाला हाक, कॉलसाइन, काय झालं, काय करणार, जागा-उंची-हेडिंग, माणसं किती. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच बोला. तिथे कुणी नसेल तर १२१.५. ट्रान्सपॉन्डरवर ७७००.

इंजिन बंद पडल्यावर 'मेडे' हा शब्द आपसूक सुटतो. इंधनाच्या बाबतीत मात्र माणसं आडवळणाने बोलतात. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ अव्हियान्का ५२ चे वैमानिक इंधन संपत आल्याचं आणि प्राधान्य हवं असल्याचं बोलले, 'इमर्जन्सी' म्हणाले नाहीत. चारही इंजिनं थांबली, ७३ जण गेले. आता भाषा ठरलेली आहे. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आणखी उशीर परवडणार नाही, पण ही आणीबाणी नव्हे. उतरताना राखीव इंधनाची किमान पातळीही मोडणार असेल तर 'मेडे फ्युएल'.

आवाज गेला तर

आधी आवाजाचा खटका, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय), हेडसेटची पिन, चुकलेली फ्रिक्वेन्सी, मग दुसरा रेडिओ. दहापैकी बऱ्याच वेळा पिन गुडघ्याच्या धक्क्याने सैल झालेली असते. आधीच्या फ्रिक्वेन्सीवर परत जाऊन बघा. काहीच ऐकू येत नसेल तर 'ट्रान्समिटिंग ब्लाइंड' म्हणून आपला इरादा दोनदा सांगा, कारण तुमचं त्यांना ऐकू जात असेल. स्क्वॉक ७६००.

मग सर्किटमध्ये येऊन टॉवरकडे बघा. हवेत असताना स्थिर हिरवा: उतरा. स्थिर लाल: दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा. लुकलुकणारा हिरवा: उतरायला परत या. लुकलुकणारा लाल: विमानतळ धोक्याचा, उतरू नका. लुकलुकणारा पांढरा: इथेच उतरा आणि एप्रनवर जा. दिसल्याची खूण दिवसा पंख हलवून, रात्री लँडिंग लाइट दोनदा उघडझाप करून. जमिनीवर त्याच रंगांचे अर्थ बदलतात: लुकलुकणारा हिरवा टॅक्सीसाठी, स्थिर हिरवा टेक-ऑफसाठी, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकणारा लाल म्हणजे रनवे मोकळी करा, लुकलुकणारा पांढरा म्हणजे निघालात तिथे परत जा. हा तक्ता पॅडच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवा, आणि रनवे सोडल्यावर पुढचा दिवा दिसेपर्यंत जागचे हलू नका.